खिशात राहिलेला कटर

बोटाएवढी जाड केबल एका दाबात कापणारा माणूस म्हणून सर्जेरावची ख्याती होती, आणि ही ख्याती त्याने स्वतःच पसरवली होती. हडपसरच्या ज्या ऑफिस पार्कात तो केबलच्या गँगचा मुकादम होता, तिथे नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी सर्जेराव शिडीवर चढायचा, डावा हात शिडीला, उजव्या हातात कटर, आणि खाली बघत एकच दाब द्यायचा. केबलचा तुकडा खाली पडला की म्हणायचा, "केबल कापायची असती. चघळायची न्हाई." नवा माणूस मान डोलवायचा. जुने हसायचे, कारण हसावं लागायचं.

शिडीवरच्या कामाला हात एकच मिळतो, दुसरा शिडीला. म्हणून कटर खिशात मावेल एवढाच हवा आणि एका हाताने चालायला हवा. दोन्ही हातांनी दाबायचा लांब दांड्यांचा कटर गँगकडे होता, पण तो जमिनीवर उभं राहून वापरायचा. शिडीवर तो कुणी नेत नसे, आणि नेला असता तर सर्जेरावने त्या माणसाला खाली उतरू दिलं नसतं.

श्रावणापासून त्याचा उजवा हात बिघडला. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग पकड जायला लागली. डॉक्टरने मनगट वाकवून बघितलं आणि सांगितलं, शीर दाबली जातेय, हाताला विश्रांती द्या. विश्रांती हा शब्द डॉक्टर लोक फार सहज वापरतात. सर्जेराव बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढला. त्या दिवशी जाड केबल एका दाबात तुटली नाही. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. त्याने डावा हात शिडीवरून काढला, छाती पायरीला टेकवली आणि दोन्ही हातांनी कशीबशी कापली. उतरला तेव्हा तो घाबरला होता. पडलो असतो म्हणून नाही. कुणी बघितलं असतं म्हणून.

गेनबाचं काय झालं होतं ते त्याच्या समोरच घडलेलं होतं. गेनबा त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. पार्क झाला नव्हता तेव्हा आताच्या पार्किंगच्या जागी दोघांच्या घरचे उसाचे बांध एकमेकांना लागून होते. तीन वर्षांपूर्वी एकदा गेनबाला शिडीवर एका केबलला चार-पाच दाब द्यावे लागले. सर्जेराव खालून ओरडला होता, "आरं गेनबा, केबल हाय ती, ऊस न्हाई. चघळतूस काय!" सगळी गँग पोट धरून हसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेनबाने साहेबांना सांगितलं की गुडघे दुखतात, शिडी जमत नाही, स्टोअर द्या. तेव्हापासून गेनबा तळघरातल्या स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून खिळे-स्क्रू देत होता. गुडघे म्हणजे गुडघे, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण चघळण्याचा तो विनोद मात्र गँगमध्ये राहिला, आणि आता सर्जेरावला तो विनोद आपल्या दिशेने येताना दिसत होता. शिडी गेली की मुकादमकी गेली, मुकादमकी गेली की स्टोअरमध्ये गेनबाशेजारी दुसरी खुर्ची. एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती.

म्हणून एका सुटीच्या दिवशी तो बसने बुधवार पेठेत गेला. पिशवीत जाड केबलचा एक तुकडा होता.

तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं एकाला एक चिकटून आहेत आणि प्रत्येक दुकानदाराला वाटतं की शेजारचा चोर आहे. सर्जेराव ज्या दुकानात शिरला तिथे गल्ल्यावर सुहासिनीबाई बसल्या होत्या. सासऱ्यांच्या वेळचं दुकान त्या चालवत होत्या, आणि गिऱ्हाईक आलं की आनंद होतो असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं.

"खिशात बसंल असा कटर दाखवा, बाई. जाड केबलचा."

"खिसा कुठला? शर्टाचा की पँटचा?"

"पँटचा. मांडीवरचा."

"मग तसं सांगावं." त्यांनी एक कटर काढून काचेवर ठेवला. "कापून बघायचं असेल तर केबल आपली. आमची केबल विकायला आहे."

सर्जेरावने पिशवीतला तुकडा काढला. बाईंनी भुवई उचलली. तयारीने आलेलं गिऱ्हाईक त्यांना बहुधा रोज मिळत नसावं.

पहिला कटर चांगला होता, धार उत्तम, दाबला आणि निम्म्यावर अडकला. सर्जेराव दात-ओठ खात दाबत राहिला, केबलला नुसता वळ पडला. दुसरा लांब दांड्यांचा. तो सहज चालला, पण खिशात घातला तर निम्मा बाहेर राहिला आणि वाकलं की बरगडीत टोचायला लागला. तिसऱ्याला इतकी जोरदार स्प्रिंग होती की पकड सैल पडताच तो हातातून निसटून काचेवर आदळला.

"काच फुटली तर ती मात्र घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या.

"न्हाई फुटली."

"म्हणून तर म्हटलं." मग त्यांनी खालच्या खणातून एक आखूड, जाडजूड कटर काढला. जबडा पोपटाच्या चोचीसारखा वाकडा आणि मुठीपाशी दाते. "हा रॅचेट. एकदा दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. जबडा मागे येत नाही. जोर लागत नाही."

सर्जेरावने तो हातात घेतला. टक्. टक्. टक्. प्रत्येक दाबाला आवाज आणि प्रत्येक आवाजाला धार केबलमध्ये आणखी थोडी आत. मनगटाला काही झालं नाही. तुकडा काचेवर पडला, काप सरळ आणि स्वच्छ. कटर मांडीच्या खिशात टाकला तर पार बुडाला. त्याला जे जे हवं होतं ते सगळं त्यात होतं आणि नको तेही होतं, कारण तो केबल चक्क चघळत होता.

"आवाज न करणारा न्हाई का ह्यात?"

"दाते आहेत, आवाज होणार. चोरून कापायचंय का काही?"

"तसं न्हाई. आमच्याकडं नवा पोरगा हाय, त्याच्यासाठी हवा हाय. त्याच्या हातात जोर न्हाई."

"हो का." सुहासिनीबाई कटर पुसून कागदात गुंडाळायला लागल्या. "मागे एक गृहस्थ आले होते, तुमच्याच बाजूचे. त्यांनाही पुतण्यासाठी हवा होता. मनगट मात्र ते सारखं स्वतःचंच चोळत होते."

सर्जेरावने उजवा हात खाली घेतला. "माझा हात दुखत न्हाई."

"मी कुठे म्हटलं तुमचा दुखतो?"

कटर घेऊन तो बाहेर पडला तेव्हा त्याला बाईंचा मनापासून राग आला होता. खरं बोललेल्याचा येतो तेवढा.

पुढचे काही आठवडे बरे गेले. सर्जेराव एकट्याने करायची कामं स्वतःकडे घ्यायला लागला. छताच्या वरच्या पोकळीत, जिथे खालच्याला दिसत नाही, तिथे. टकटक झाकायला तो खोकायचा. सोनबा म्हणून गँगमध्ये एक हुशार गडी होता, चार वर्षांत सगळं सर्जेरावच्या हाताखाली शिकलेला, त्याने एकदा काळजीने विचारलंही, "नाना, खोकला लईच वाढलाय. दाखवा की कुणाला." सर्जेराव म्हणाला, धूळ हाय. जुना कटर पट्ट्यात लोकांना दिसेल असा लटकत होता आणि नवा मांडीच्या खिशात काम करत होता. अशी ही व्यवस्था कितीही दिवस चालली असती, पण मध्ये खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, ही रीत गँगने शेतातून पार्कात आणली होती. आधी नांगर, कोयते, खुरपी. आता पकडी, कटर, ड्रिल मशीन. सकाळी ज्याने-त्याने आपलं एकूण एक हत्यार स्टोअरमध्ये नेऊन द्यायचं. गेनबा ते पुसून ओळीने मांडायचा, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. पूजेत न ठेवलेलं हत्यार वर्षभरात मालकाचं रक्त काढतं, असं सगळे मानत. आपण मानत नाही असंही सगळे सांगत, आणि तरी घरातून नेलकटरसुद्धा घेऊन येत.

त्या सकाळी घरीही विळी, कोयता आणि कात्री पाटावर मांडली होती. सर्जेरावची बायको तुळजाबाई त्याच्या खिशाकडे बघून म्हणाली, "अवो, त्ये बी ठेवा की हितं."

"त्ये कामावर ठेवायचंय."

"ठेवा मग याद करून. अन् च्या उजव्या हातानं पिता आलं तर बघा. कपबशी काय म्हणायची तुमाला?"

तिला किती कळलं होतं हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

स्टोअरमध्ये गेनबा फरशीवर उकिडवा बसून रांगोळी काढत होता. बराच वेळ तसाच बसला असावा, कारण रांगोळी मोठी होती. मागच्या ओळीत स्टोअरची जादा हत्यारं होती, त्यांच्यावर झेंडूची माळ. सर्जेरावने पट्ट्यातला जुना कटर, पकड, स्क्रूड्रायव्हर दिले. गेनबाने कटरचा जबडा उघडून बघितला. पात्यावर धूळ होती. त्याने ती फडक्याने पुसली.

"आनखी काय?"

"एवढंच."

गेनबाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कटर ओळीत ठेवला. सर्जेराव बाहेर आला. मांडीच्या खिशातलं वजन त्याला चालताना जाणवत होतं, आणि त्याला लाज वाटत होती. देवाला फसवल्याची होती की गेनबाला, हे त्याने खोदून बघितलं नाही.

पूजेला दरवर्षीप्रमाणे ठेकेदार श्यामसुंदर आले. कोथरूडचे गृहस्थ; सगळ्यांना अहोजाहो करायचे आणि ते ऐकून अंगावर काटा यायचा. आरती झाली, नारळ फुटला. गेनबाने स्टोअरला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन पेढे आणायला गावात गेला. त्या दिवशी काम नव्हतंच. गँग कँटीनच्या मागे सावलीत बसली.

आणि तेव्हाच मांडवाच्या बांबूंचा टेम्पो तळघराच्या उतारावरून खाली यायला निघाला. पार्काने दसऱ्याची सजावट मागवली होती. उताराच्या वर छताला केबलचा लोखंडी ट्रे टांगलेला होता, आणि त्यातून एका जुन्या बंद पडलेल्या टेलिफोन केबलचा फास बरेच दिवस लोंबत होता. तो कापायचाय, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत आला होता. एक बांबू बरोबर त्या फासात शिरला. ड्रायव्हरने ब्रेक मारला तोवर केबल ताणली गेली होती आणि ट्रेचा एक हूक छतातून निघाला होता.

टेम्पो मागे घ्यावा तर ट्रे आणखी खाली येत होता. पुढे न्यावा तरी तेच. ड्रायव्हर खाली उतरून चाकाखाली दगड लावत म्हणाला, "हँडब्रेकचा भरवसा नाय हां, आधीच सांगतो." ट्रेमध्ये इमारतीच्या सगळ्या चालू केबली होत्या आणि ट्रेच्या बरोबर खाली कँटीनचं मागचं दार होतं. आत बायका भांडी घासत होत्या.

"तो फास कापा," श्यामसुंदर म्हणाले. "बघताय काय?"

गँगमधल्या प्रत्येकाने पट्ट्याला हात लावला. पट्टे रिकामे होते.

"साहेब, आज खंडेनवमी," सोनबा म्हणाला. "समदं पूजेत हाय. अन् किल्ली गेनबानानांकडं."

"उत्तम. म्हणजे केबल कापणाऱ्या गँगकडे आज केबल कापायला काही नाही."

कुणीतरी गेनबाला फोन लावला. तो गर्दीत होता, लागेना. सोनबा कँटीनमधून भाजीची सुरी घेऊन शिडीवर चढला आणि घासायला लागला. सुरी वाकली, केबलवरचं रबर तेवढं सोललं गेलं. शिडी मात्र पूजेत नव्हती. तिला कुंकू लावून जागेवरच ठेवायची पद्धत होती. सर्जेराव तिच्या पायथ्याशी, शिडी धरून उभा होता. त्याच्या मांडीच्या खिशात कटर होता. अख्ख्या पार्कात कुलपाबाहेर असलेलं ते एकच हत्यार होतं, आणि ते बाहेर होतं कारण त्याने ते लपवलं होतं.

तो गप्प राहू शकत होता. गेनबा घटकाभरात आला असता, कुलूप उघडलं असतं. त्याने गप्प राहायचं ठरवलंही. मग चाकाखालचा दगड करकरला, टेम्पो वीतभर घसरला आणि ट्रेचा दुसरा हूक निघाला. आतून एक बाई काय झालं बघायला दारात आली. चौघे जण एकदम तिच्यावर ओरडले, आणि ती आत जायची सोडून तिथेच थिजून उभी राहिली.

"उतर," सर्जेराव सोनबाला म्हणाला.

तो वर चढला. डावा हात शिडीला. उजव्या हाताने खिशाचं बटण काढलं आणि कटर बाहेर घेतला. टक्. उताराच्या त्या पोकळीत आवाज घुमला. टक्. टक्. खोकण्यात काही अर्थ नव्हता. टक्. खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. तो मोजत नव्हता, पण बाकीचे मोजताहेत असं त्याला वाटत होतं. शेवटी केबल तुटली, बांबू मोकळा झाला, टेम्पो थोडा पुढे सरकून भिंतीला टेकला आणि ट्रे लोंबकळत का होईना, उरलेल्या हुकांवर तसाच राहिला.

सगळ्यांचा श्वास एकदमच सुटला. आणि त्या सुटकेच्या भरात सोनबा, ज्याच्या मनात काडीचं पाप नव्हतं, मोठ्याने म्हणाला, "नाना, केबल हाय ती, ऊस न्हाई! चघळताय काय!"

गँग पोट धरून हसली. सर्जेराव शिडीवर होता. वरून सगळ्यांची तोंडं दिसत होती, उघडी, हसणारी. वर असं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं. तो सावकाश उतरला.

श्यामसुंदरांनी हात पुढे केला आणि कटर उलटसुलट करून बघितला. "कुठून आणलात?"

"तपकीर गल्लीतनं." मग सगळंच संपलं आहे असं समजून तो म्हणाला, "हात ऱ्हायला न्हाई साहेब. एका दाबात हुत न्हाई आता. स्टोअरला टाकायचं असंल तर..."

"स्टोअरला? कशाबद्दल?" श्यामसुंदरांनी कटर परत दिला. "मला केबल कापलेली हवी असते, सर्जेराव. किती दाबांत कापली, हे मी आपल्याला आजवर कधी विचारलंय?"

सर्जेरावने आठवून बघितलं. कधीच विचारलं नव्हतं. साहेबांनीही नाही, दुसऱ्या कुणीही नाही. तो नियम त्याचा एकट्याचा होता.

गेनबा पेढे घेऊन आला तेव्हा सगळं निस्तरलं होतं. त्याला वाटेतच बातमी मिळाली होती. त्याने स्टोअर उघडलं. सर्जेराव त्याच्या मागोमाग आत गेला आणि कटर पुढे केला.

"ह्यो ऱ्हायला हुता."

गेनबाने तो घेतला. फडक्याने पुसला. नवल वाटल्याचं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मागच्या ओळीपाशी तो उकिडवा बसला आणि झेंडूची माळ बाजूला केली. खाली, स्टोअरच्या जादा हत्यारांत, एक आखूड कटर होता. वाकड्या चोचीचा, मुठीपाशी दाते. मुठीला बांधलेली दुकानातली दोरीसुद्धा अजून सोडलेली नव्हती. दरवर्षी तो तिथेच असायचा आणि दरवर्षी सर्जेराव त्याच्या समोर हात जोडायचा.

"ह्यो कुनाचा?"

"माझा."

सर्जेरावला सुहासिनीबाई आठवल्या. "पुतन्यासाठी आनलावतास?"

"असंच सांगितलं हुतं तिथं." गेनबा हात न टेकता सरळ उभा राहिला आणि कुंकवाची वाटी घेऊन परत तसाच बसला.

"तुझं गुडघं?"

"गुडघ्याला काय धाड भरलीया?"

सर्जेरावने न सोडलेल्या त्या दोरीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "मग वापरला का न्हाईस कवा?"

"खिशात घालून आलो की चार-पाच दिस." गेनबाने सर्जेरावच्या कटरला कुंकू लावलं आणि तो आपल्या कटरशेजारी ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता; कुठला स्क्रू कुठल्या डब्यात आहे हे सांगावं तसं तो सांगत होता. "काढनार कसा? खाली तू उभा हुतास."